स्पेक्ट्रम वाटा, पण आधी मोजा

उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना स्पेक्ट्रम लिलावाने द्यायचा की सरकारने शुल्क ठरवून थेट द्यायचा, या प्रश्नावरून आपल्याकडे गेली काही वर्षे रान उठले आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचा निकाल लावला. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात उपग्रह सेवा आल्या, म्हणजे त्यांना लिलावाविना स्पेक्ट्रम मिळणार. मे २०२५मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने दरही सुचवले: समायोजित सकल महसुलाच्या ४ टक्के शुल्क, शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आणि मुदत ५ वर्षांची. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने लगेच तक्रार केली, की आम्ही लिलावात हजारो कोटी ओतले आणि यांना तेच ग्राहक स्वस्तात मिळणार. तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. पण या गदारोळात सगळा वाद पैशांभोवतीच फिरला आणि त्याहून मूलभूत प्रश्न मागे राहिला. एकाच किंवा लगतच्या पट्ट्यात जमिनीवरची आणि आकाशातली अशा दोन सेवा नांदवायच्या, तर कोणी किती व्यत्यय सोसायचा, तो मोजायचा कोणी आणि ते मोजमाप कोणाला पाहता येणार? माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे उत्तर वाटपाच्या आधी, आकड्यांत आणि जाहीरपणे लिहिले गेले पाहिजे. आणि हे बंधन लहरी सोडणाऱ्यावर जितके, तितकेच त्या ऐकणाऱ्या यंत्रावरही हवे.

ऐकणाऱ्या यंत्राचा मुद्दा कोणी सहसा काढत नाही, म्हणून तोच आधी घेतो. टीव्ही वाहिन्या ज्या भूस्थिर उपग्रहांवरून येतात ते सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथून निघालेला संदेश केबलचालकाच्या गच्चीवरील डिशपर्यंत पोहोचतो तेव्हा अत्यंत क्षीण झालेला असतो. डिश तो गोळा करते आणि तिच्या केंद्राशी बसवलेली मुठीएवढी पेटी, म्हणजे एलएनबी, त्याला हजारो पटींनी मोठा करते. ही पेटी ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झ ऐकण्यासाठी लावलेली असते, पण अनेक एलएनबी त्याच्या खालचा भागही ऐकतात, कारण त्या बनवल्या गेल्या तेव्हा शेजारी कोणी मोठ्याने बोलणारे नव्हते. आता शे-दोनशे मीटरवर ५जीचा टॉवर उभा राहिला आणि तो ३.६ गिगाहर्ट्झवर बोलू लागला, तर तो कोणाच्याही हद्दीत शिरलेला नसतो. तरीही एलएनबीतला वर्धक त्या जवळच्या, ताकदवान लहरीनेच भरून जातो आणि उपग्रहाचा संदेश मोठा करायला त्याच्यात जोर उरत नाही. पडद्यावर चौकोन फुटू लागतात. यात चूक कोणाची? टॉवर नियमात आहे. केबलचालकाने कायदा मोडलेला नाही. आपल्याकडे २०२२च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, तेव्हा उपग्रह टीव्ही आणि ५जी यांच्यात ३० मेगाहर्ट्झची मोकळी पट्टी ठेवली होती. पट्टी पुरेशी आहे की नाही हे पलीकडच्या यंत्राला कसला फिल्टर आहे यावर ठरते, आणि त्या फिल्टरबद्दल लिलावाच्या अटींत कोणाला बांधून घेता येत नाही, कारण केबलचालक लिलावात नसतोच. त्या लिलावातून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली आल्या. ऐकणाऱ्यांचा खर्च त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

अमेरिकेने हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर केली आणि तिचा फटका थेट मुंबईपर्यंत पोहोचला. तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा उपग्रहांकडचा पट्टा मोकळा करून ५जीसाठी लिलावात काढला. डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात ८१ अब्ज डॉलरच्या बोली लागल्या. पट्टा लवकर सोडावा म्हणून उपग्रह कंपन्यांना ९.७ अब्ज डॉलर देऊ केले गेले. टीव्हीच्या डिशना फिल्टर बसवण्याचा खर्चही हिशेबात धरला होता. एक ऐकणारा मात्र राहून गेला, तो म्हणजे विमानातला रेडिओ अल्टिमीटर. विमान जमिनीकडे लहर सोडते आणि ती परतायला किती वेळ लागला यावरून हे यंत्र उंची सांगते. धुक्यात विमान उतरवताना वैमानिक त्याच्यावर विसंबतो. अल्टिमीटरचा पट्टा ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे नव्या ५जीपासून २२० मेगाहर्ट्झ दूर. कागदावर अंतर भरपूर होते. पण कित्येक अल्टिमीटर जुन्या घडणीचे होते आणि आपल्या पट्ट्याबाहेरचेही ऐकत होते. विमान क्षेत्रातल्या तांत्रिक संस्थेने ऑक्टोबर २०२०मध्ये, म्हणजे लिलावाच्या आधीच, तसा इशारा दिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. मग १९ जानेवारी २०२२ रोजी ५जी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जगभरातल्या विमान कंपन्यांची धावपळ उडाली. एअर इंडियाने दिल्लीहून न्यूयॉर्क, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी विमाने रद्द केली, तसेच मुंबई–नेवार्कही. अखेर मोबाइल कंपन्यांनी विमानतळांजवळच्या टॉवरची ताकद कमी ठेवली आणि विमान कंपन्यांनी फिल्टर बसवले. जुलै २०२३ उजाडला तेव्हा कुठे ते प्रकरण मार्गी लागले. जगातल्या सर्वांत महागड्या लिलावांपैकी एक, आणि त्यात एका फिल्टरचा प्रश्न सुटलेला नव्हता.

आपण यावरून शहाणे झालो का? आपल्या ५जीचा पट्टा ३.६७ गिगाहर्ट्झला संपतो, म्हणजे अल्टिमीटरपासून ५०० मेगाहर्ट्झहून अधिक दूर. तरीही २९ नोव्हेंबर २०२२ रोजी दूरसंचार विभागाला आदेश काढावा लागला, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर परिसरात या पट्ट्यातले टॉवर उभारू नयेत. तारखा पाहा. लिलाव १ ऑगस्टला संपला, सेवा १ ऑक्टोबरला सुरू झाली आणि सुरक्षेचा आदेश त्यानंतर दोन महिन्यांनी आला. तोवर नागपूर आणि पुण्यासह काही विमानतळांच्या आसपास टॉवर उभेही राहिले होते. खबरदारी घेतली हे बरोबरच झाले. पण ती लिलावाच्या अटींत असती तर विमानतळाभोवतीच्या वस्तीला नेटवर्क कधी आणि कसे मिळणार हे आधी कळले असते, आणि कंपन्यांनाही त्या भागासाठी बोली लावताना काय मिळणार नाही हे ठाऊक असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दूरसंचार कायद्याच्या सातव्या कलमाने सरकारला मोठी मुभा दिली आहे: एकाला दिलेला स्पेक्ट्रम दुसऱ्यालाही देता येईल, मात्र मूळ धारकाला हानिकारक व्यत्यय होता कामा नये. तरतूद चांगली आहे, आवश्यकही आहे. पण ‘हानिकारक’ म्हणजे किती? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीतली व्याख्या वाचली तर सेवेचा दर्जा गंभीरपणे घसरणे, तिच्यात वारंवार खंड पडणे असे शब्द मिळतात. या शब्दांत कोणालाही आपल्याला हवे ते बसवता येते, आणि कंपन्या ते बसवतात. अमेरिकेतल्या १२ गिगाहर्ट्झच्या वादात हे लख्ख दिसले. १२.२ ते १२.७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जमिनीवरून सेवा देण्याचे परवाने असलेल्यांनी तिथे ५जी चालवू द्या अशी मागणी केली. स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेच्या ग्राहकांना उपग्रहाचा संदेश याच पट्ट्यात येतो. परवानाधारकांच्या बाजूने आलेला अभ्यास म्हणाला, ९९.८५ टक्के उपग्रह ग्राहकांना काहीही त्रास होणार नाही. स्पेसएक्सच्या अभ्यासात उत्तर निघाले, की ग्राहकांना ७७ टक्क्यांहून अधिक वेळ हानिकारक व्यत्यय होईल. भौतिकशास्त्राचे नियम दोघांनाही तेच होते. फरक होता तो गृहीतकांत: टॉवर कुठे असतील, उपग्रहाचे ग्राहक गावात राहतात की शहरात, अँटेना आकाशाकडे किती कलती आहे. अखेर मे २०२३मध्ये आयोगाने या पट्ट्यात मोबाइल सेवेला नकार दिला. निर्णय मला योग्य वाटतो. पण तो यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंच्या वकिलांनी व अभियंत्यांनी एकमेकांच्या गृहीतकांची चिरफाड करण्यात घालवला. नियामकाकडे स्वतःची मोजणी असती तर एवढा काळ लागला नसता.

या सगळ्यातून वाटणीचे एक सूत्र हाताला लागते, आणि ते आपल्याला लगेच वापरता येण्यासारखे आहे. ऐकणारा किंवा लहरी सोडणारा कुठे आहे हे ठाऊक असेल आणि तो जागचा हलत नसेल, तर वाटणी सोपी असते. तो कुठेही असू शकत असेल तर जवळजवळ अशक्य. २८ गिगाहर्ट्झचे उदाहरण घ्या. २७.५ ते २८.५ गिगाहर्ट्झमध्ये उपग्रह कंपन्यांची मोठी भू-केंद्रे आकाशाकडे संदेश पाठवतात. ही केंद्रे देशात मोजकी असतात, त्यांची जागा ठरलेली असते. त्यांच्याभोवती ठरावीक अंतर सोडले की बाकी ठिकाणी ५जी चालू शकते, म्हणून एप्रिल २०२२मध्ये ‘ट्राय’ने इथे दोघांनी नांदावे असेच सुचवले होते. सरकारने तो भाग लिलावातून वगळला आणि २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झच विकला. सावधगिरी समजू शकते, पण ही सावधगिरी कायमची झाली तर एक उपयोगी पट्टा अर्धवट पडून राहील. याउलट ग्राहकाच्या छपरावरच्या डिशचा पट्टा हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. डिश आज एका घरावर असेल, उद्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेतावर जाईल. तिथे जमिनीवरच्या मोबाइल सेवेला जागा देणे धोक्याचे आहे. म्हणजे ‘उपग्रह विरुद्ध मोबाइल’ असा सरसकट झगडा लावण्यापेक्षा पट्टा आणि ठिकाण पाहून निर्णय घ्यायला हवा, आणि त्यासाठी ऐकणाऱ्यांची नोंद हवी. पाटाच्या पाण्याची पाळी पाटकऱ्याच्या वहीत लिहिलेली असते म्हणून शेपटाकडच्या शेतकऱ्याला निदान भांडता तरी येते. स्पेक्ट्रमची अशी वही आपल्याकडे लोकांना पाहता येईल अशा स्वरूपात ठेवलेली नाही.

ज्याच्या बाजूने भांडायला कोणताच ग्राहक नाही असा एक ऐकणारा पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर पसरलेल्या, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीची हलकी, स्वस्त डिश कल्पिली म्हणून एवढ्या मोठ्या डिश आपल्याला परवडल्या. जागा निवडताना तिथला रेडिओ गोंगाट कमी आहे हे एक मोठे कारण होते. दुर्बीण स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, फक्त ऐकते, आणि ऐकते ते कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेले. जमिनीवरच्या टॉवरला तिच्यापासून दूर ठेवता येते. आकाशातून जाणाऱ्या उपग्रहाला कसे ठेवणार? युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३मध्ये दाखवून दिले, की तपासलेल्या ६८ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४७ उपग्रहांमधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये लहरी गळत होत्या. हे त्यांचे प्रक्षेपण नव्हते, आतल्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी गळती होती. पुढच्याच वर्षी निरीक्षण झाले, की नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती जुन्यांच्या ३२ पटींपर्यंत तीव्र आहे. जीएमआरटी जे ऐकते त्यातच हा टप्पा येतो. आंतरराष्ट्रीय नियमावलीत १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झचा पट्टा युरोप-आफ्रिकेच्या विभागात, आणि त्याबाहेर ऑस्ट्रेलिया व भारतात, रेडिओ खगोलशास्त्राला प्राथमिक हक्काने दिलेला आहे. म्हणजे या विषयात आवाज उठवण्याचा पुरेपूर अधिकार आपल्यालाही आहे. भारतात सेवा देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक उपग्रह कंपनीकडून या गळतीची मर्यादा लिहून घेणे हे परवान्याच्या एका अटीचे काम आहे. किमतीच्या वादात अडकलेल्या आपल्या धोरणात ही अट कोणी मागताना दिसत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप येईल तो गावांच्या बाजूने, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमची नावे आहेत. भामरागडच्या किंवा अक्राणीच्या पाड्यावर आज नेटवर्क नाही, तिथल्या आरोग्य केंद्राने तुमची मोजणी होईपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही. आणि थांबायची गरजही नाही, कारण जिथे टॉवर नाहीत तिथे व्यत्ययही जवळजवळ नाही. पट्टा आणि ठिकाण पाहून नियम केले तर असे दुर्गम भाग पहिल्या दिवशी खुले करता येतील, आणि काटेकोर मोजणी पुणे-मुंबईसारख्या गजबजलेल्या ठिकाणी मर्यादित ठेवता येईल. उलट नियमाविना सुरुवात केली आणि पाचेक वर्षांनी त्याच पट्ट्यात दुसऱ्या कोणाला आणून बसवले, तर पहिला बळी त्याच पाड्यावरच्या डिशचा जाईल. तक्रार करायला पाड्यावरच्या लोकांकडे वकिलांची फौज नसते.

दुसरा आक्षेप बाजारावर विश्वास असणाऱ्यांचा. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९५९मध्येच मांडले होते, की लहरींचे हक्क विकून टाका, मग व्यत्ययाचे काय करायचे ते हक्कदार आपापसात सौदा करून ठरवतील. या विचाराने जगाला लिलाव दिले, आणि आपल्यालाही. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले तेव्हापासून लिलाव हा आपल्याकडे सचोटीचा पुरावाच मानला जातो, आणि त्या काळात जे घडले ते पाहता यात नवल नाही. पण सौदा व्हायला हक्काची सीमा आधी आखलेली लागते. अमेरिकेतल्या लायटस्क्वेअर या कंपनीचे पाहा. उपग्रहांसाठीच्या पट्ट्यात जमिनीवरचे जाळे उभारण्याची तिची योजना होती, आणि तो पट्टा जीपीएसला खेटून होता. २०११मध्ये तिला सशर्त परवानगी मिळाली. चाचण्यांत जीपीएस यंत्रे बिघडताना दिसली, कारण त्यांतली अनेक शेजारच्या पट्ट्यातलेही ऐकत होती. २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे लिगाडो या नव्या नावाने तिने २०२०मध्ये आयोगाची एकमुखी मंजुरी मिळवली, पण अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा विरोध काही मावळला नाही आणि जानेवारी २०२५मध्ये ती पुन्हा दिवाळखोरीत गेली. हक्क कागदावर होता, सौद्याला हवी ती सीमा कोणालाच मान्य नव्हती. शिवाय लाखो डिशमालकांशी किंवा खोडदच्या दुर्बिणीशी सौदा करायला कोणती कंपनी बसणार आहे?

रिसीव्हरला मानक लावले की यंत्र महाग होईल, असेही म्हटले जाईल. थोडे होईल, हे कबूल करायला हवे. पण कारखान्यात बसवलेला फिल्टर आणि नंतर गच्चीगच्चीवर जाऊन, विमान हँगरमध्ये उभे करून बसवलेला फिल्टर यांच्या खर्चाची तुलनाच होऊ शकत नाही. युरोपीय महासंघाने २०१४च्या रेडिओ उपकरण निर्देशात रिसीव्हरच्या गुणवत्तेलाही नियमांच्या कक्षेत आणले आहे. इतकी वर्षे केवळ प्रक्षेपकांकडे पाहणाऱ्या एफसीसीनेही एप्रिल २०२३मध्ये ऐकणाऱ्या यंत्राची जबाबदारी स्पष्ट सांगणारे धोरण जाहीर केले. आपल्याकडे दूरसंचार उपकरणांची सक्तीची चाचणी आधीपासून आहेच. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने त्यात आणखी एक कसोटी घालायची आहे, आणि तीही नव्याने विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी. जुन्यांना मुदत द्यावी. राहता राहिला संरक्षण आणि इस्रोच्या वापराचा मुद्दा. त्यातले सगळे उघड करता येणार नाही हे उघड आहे. पण अमुक ठिकाणी अमुक पट्ट्यात इतक्याहून अधिक ताकद चालणार नाही एवढे सांगितल्याने कोणतेही गुपित फुटत नाही.

मोजणार कोण, याचेही उत्तर आपल्याजवळ आहे. दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन देशभर लहरींवर लक्ष ठेवते आणि तिचे आंतरराष्ट्रीय उपग्रह निरीक्षण भू-केंद्र आपल्या जालन्यात आहे. या संस्थेला माणसे, पृथ्वीजवळून वेगाने जाणाऱ्या उपग्रहांचा माग घेणारी नवी यंत्रे आणि निष्कर्ष जाहीर करण्याचे बंधन या तिन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. ‘ट्राय’ने सुचवलेली ५ वर्षांची मुदत किमतीचा अंदाज यावा म्हणून आहे. त्याच ५ वर्षांत व्यत्ययाची मोजणीही होऊ द्या: एखादे दाट शहर, एखादा दुर्गम तालुका, एखाद्या विमानतळाचा परिसर आणि खोडद, या ठिकाणी सेवा सुरू होण्याआधी आणि नंतर घेतलेले आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करा. तक्रार आली तर किती दिवसांत मोजून निकाल द्यायचा हे ठरवा, आणि दोषी ठरणाऱ्याने फिल्टरचा खर्च द्यायचा की टॉवरची ताकद कमी करायची हेही आधीच लिहून ठेवा. २०२७च्या अखेरीस शांघायला जागतिक रेडिओ परिषद भरेल, तिथे उपग्रहांच्या प्रक्षेपण मर्यादांवर घमासान होईल. तिथे भारताच्या शिष्टमंडळाच्या हातात दुसऱ्या देशांतल्या कंपन्यांनी केलेले अभ्यास असण्यापेक्षा जालना आणि खोडदचे आकडे असलेले बरे. या अटी पहिल्या परवान्यांतच घालाव्या लागतील. छपरांवर डिश लाखांच्या संख्येने गेल्या, की तीच अट घालायला प्रत्येक घराचे दार ठोठावावे लागेल.